शस्त्रकर्मोत्तर ज्वर : कारणे व चिकित्सा

मोताळा तालुक्यातील रुग्ण शस्त्रकर्मासाठी राजूर घाट चढून बुलढाण्यास किंवा मलकापूर, खामगाव, अकोल्यास जातो आणि काही दिवसांतच टाक्यांसह गावी परततो. पुढे अंगात ज्वर भरला, की तो प्रथम औषधी दुकान अथवा आपला दवाखाना गाठतो. म्हणून या ज्वराचा विचार आपण करणे अगत्याचे आहे.

चरकाचार्यांनी आगंतु ज्वराचे अभिघात, अभिषंग, अभिचार व अभिशाप असे चार हेतू सांगितले आहेत. शस्त्रकर्म हा अभिघातच होय. पहिल्या ४८ तासांतील सौम्य ज्वर बहुधा या आघाताची प्रतिक्रिया असतो व आपोआप शमतो. मात्र याच काळात तीव्र ज्वरासोबत व्रणाभोवती असह्य वेदना व झपाट्याने पसरणारा शोथ असल्यास तो घातक संसर्ग समजावा.

तिसऱ्या दिवसापासून ज्वर आल्यास मूत्रनलिकेमुळे झालेला मूत्रमार्गाचा संसर्ग, न्यूमोनिया व सलाईन लावलेल्या शिरेचा शोथ पाहावा. पाचव्या दिवसापासून व्रणातील पूयाची शंका प्रथम घ्यावी. व्रणाचा संसर्ग ३० दिवसांपर्यंत, जाळी वा कृत्रिम सांधा बसविला असल्यास ९० दिवसांपर्यंतही प्रकट होतो. एकाच पोटरीस सूज व वेदना असल्यास शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. प्रसूतीच्या शस्त्रकर्मानंतर दुर्गंधी स्राव हे गर्भाशयातील संसर्गाचे लक्षण होय. पावसाळ्यात मलेरिया व डेंग्यूही विसरू नयेत.

येथे स्वतःचा प्रमाद नमूद करतो. हर्नियाच्या शस्त्रकर्मानंतर सहाव्या दिवशी एक शेतकरी माझ्याकडे आला. दुकानातून घेतलेल्या पॅरासिटामॉलने ज्वर उतरे व पुन्हा चढे. मी सुदर्शन चूर्ण दिले, लंघन सांगितले. पट्टी मात्र सोडली नाही. दोन दिवसांनी तो ग्लानीत आला. पट्टी काढताच टाक्यांखाली पूय दिसला. त्यास तातडीने शल्यचिकित्सकाकडे धाडले. पूयनिर्हरण व प्रतिजैविके यांनी तो वाचला. आम शोथ छेदणारा व पक्व शोथाची उपेक्षा करणारा, या दोघांनाही सुश्रुताचार्य सारखेच दोषी ठरवितात. त्यांतील दुसरा मी होतो.

लंघनाविषयीही माझी चूकच होती. चरकाचार्य वातज, क्षयज व श्रमज ज्वरात लंघन वर्ज्य सांगतात आणि अभिघातज ज्वरात घृत व मांसरसयुक्त भात सुचवितात. अर्थात पचनशक्ती पाहून, शल्यचिकित्सकाने तोंडाने आहाराची अनुमती दिल्यावरच पेया, मुगाचे कढण व क्रमाने बृंहण आहार द्यावा. तृष्णा असल्यास षडंगपानीय उपयुक्त ठरते. परंतु सिद्ध झालेल्या संसर्गात ही चिकित्सा साहाय्यक आहे, पर्यायी नव्हे. रक्त पातळ करणारी औषधे सुरू असल्यास गुग्गुळकल्प टाळावेत.

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती, की ज्वराची गोळी मागणाऱ्यास ‘अलीकडे ऑपरेशन झाले का?’ एवढे अवश्य विचारावे. होकार आल्यास वैद्याकडे पाठवावे. आणि वैद्याने औषधपत्र लिहिण्यापूर्वी पट्टी सोडून व्रण पाहावा.