कोपराचे फ्रॅक्चर: हाड जुळते, सांधा वळायला हवा

कोपर वरून एकच सांधा दिसत असला, तरी त्यात तीन सांधे एकाच आवरणात नांदतात. दंडाचे हाड, म्हणजे ह्युमरस, येथे अल्ना आणि रेडियस या पुढच्या हातातील दोन हाडांना भेटते. अल्नामुळे हात दुमडतो, रेडियसमुळे तळहात पालथा-उताणा होतो. पुढून दंडाची मुख्य रोहिणी जाते आणि आतल्या अंगाने अल्नर मज्जातंतू. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात त्या त्याच्याच. एवढ्या दाटीत हाड मोडले की प्रश्न केवळ हाडाचा उरत नाही.

लहान मुलांत, विशेषतः 5 ते 7 वर्षे वयात, कोपराच्या लगेच वरचा दंडाच्या हाडाचा पातळ भाग मोडतो. झोपाळ्यावरून किंवा पलंगावरून पडताना मूल हात टेकते आणि सगळा भार तिथे येतो. गार्टलँड यांनी 1959 मध्ये केलेले या फ्रॅक्चरचे तीन प्रकार आजही वापरात आहेत. हाड जागचे हललेले नसेल तर सुमारे तीन आठवड्यांचे प्लास्टर पुरते. तुकडे पूर्ण सुटले असतील तर भूल देऊन, सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पाहत ते जागेवर बसवतात आणि कातडीतूनच दोन-तीन तारा घालतात. चिरफाड सहसा लागत नाही. तारांची वाकवलेली टोके बाहेर ठेवतात आणि तीन-चार आठवड्यांनी ओपीडीतच पकडीने त्या ओढून काढतात.

उपचार सुरू करण्याआधी डॉक्टर मुलाला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायला सांगतात. तो खेळ नसतो. गोल जमला नाही, तर पुढच्या बाजूचा मज्जातंतू दुखावल्याची शंका येते. बहुतेकदा तो काही महिन्यांत आपोआप सुधारतो. रोहिणी दबली तर मात्र वेळ हाती नसतो. स्नायूंचा रक्तपुरवठा तुटून हात आखडतो आणि बोटे कायमची वाकडी होतात. फोल्कमान यांनी 1881 मध्ये वर्णन केलेला हा प्रकार घट्ट पट्ट्यांमुळेही होतो. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या आवळून बांधल्यावर किंवा प्लास्टर घातल्यावर मूल कळवळत असेल, औषधाने दुखणे हटत नसेल आणि बोटे सरळ करताना किंचाळत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. बंधन ताबडतोब सैल करून रुग्णालय गाठावे.

मोठ्यांच्या शस्त्रक्रियेचा हेतू वेगळा असतो: हाड इतके पक्के बसवायचे की काही दिवसांतच हात हलवता यावा. कोपराचे टोक तुटले की दंडामागचा स्नायू तो तुकडा वर खेचतो आणि हात जोर लावून सरळ करता येत नाही. साध्या आडव्या फ्रॅक्चरमध्ये दोन तारा आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पिळलेला तारेचा फास पुरतो. चुरा झाला असेल तर प्लेट लागते. रेडियसच्या डोक्याला नुसती चीर गेली असेल तर काही दिवस झोळी आणि लगेच हालचाल. त्याचा भुगा झाल्यास धातूचे डोके बसवतात. सर्वांत अवघड म्हणजे ह्युमरसच्या खालच्या टोकाचे, सांध्यात शिरलेले फ्रॅक्चर. तिथे दोन बाजूंनी दोन प्लेट लागतात आणि सांधा नीट दिसावा म्हणून कधी कोपराचे टोक मुद्दाम कापून पुन्हा जोडावे लागते. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांत कृत्रिम सांधा हा पर्याय आहे, पण त्या हाताने आयुष्यभर जड ओझे उचलायचे नसते. पाण्याने भरलेली बादलीही नाही. शेतात राबणाऱ्याला हे आधीच सांगायला हवे.

कोपराला खोड एकच, तो फार लवकर आखडतो. एक्स-रेमध्ये हाड सुरेख जुळलेले आणि हात मात्र काटकोनात अडकलेला, अशी शस्त्रक्रिया यशस्वी म्हणता येत नाही. मॉरे आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये दाखवले की 30 ते 130 अंशांपर्यंत हात वाकला तर रोजची बहुतेक कामे होतात. घास तोंडापर्यंत जातो, शर्टाची बटणे लागतात. व्यायाम रुग्णाने स्वतःच्या जोरावर, दिवसातून अनेकदा, थोडा थोडा करायचा. दुसऱ्याने हात धरून जबरदस्तीने वाकवणे किंवा तेल लावून रगडणे घातक, कारण त्याने स्नायूतच नवे हाड धरू शकते आणि सांधा आणखी जखडतो. मुलांना बहुधा फिजिओथेरपीही लागत नाही; खेळता खेळता हात मोकळा होतो. मोठ्यांत सुधारणा वर्षभर चालू राहते, तरी हात सरळ करतानाचे शेवटचे काही अंश अनेकांना परत मिळत नाहीत.

कोपराच्या टोकावरील तारा कातडीलगत असल्याने टेबलावर हात टेकताना टोचतात. हाड पूर्ण जुळल्यावर त्या छोट्या शस्त्रक्रियेने काढता येतात.