काझी आणि शंका

‘अगदी हद्द झाली!’ असं आपण सहज म्हणतो. हा ‘हद्द’ शब्द मूळचा अरबी, अर्थ सीमा. इस्लामी कायद्यात चोरीसारख्या काही गुन्ह्यांना नेमून दिलेली शिक्षा, तीही ‘हद्द’च. चोराचा हात तोडणे ही त्यातलीच.

ऐकून अंगावर काटा येतो. पण त्याच कायद्याचं सूत्र असं, की ‘शुबहा’ म्हणजे शंका असेल तिथे हद्द टाळावी.

आपले औसा-उदगीरचे किल्ले १६३६ साली मोगलांकडे गेले. पुढे औरंगजेबाच्या हुकमाने, बुऱ्हाणपूरच्या शेख निजामांच्या देखरेखीखाली, ‘फतावा-ए-आलमगिरी’ हा कायदेग्रंथ तयार झाला. तो हनफी परंपरेचा. या परंपरेत हात तोडायचा तर माल निदान १० दिरहमांचा हवा, बंदोबस्तात ठेवलेला हवा. आणि दोन पुरुषांची साक्ष, नाहीतर चोराची कबुली. लेकाने बापाच्या पेटीत हात घातला? हद्द नाही, बापाच्या मालावर त्याचा थोडाफार हक्क असेल, ही शंका. पाहुण्याने काही उचललं? नाही, घर त्याला उघडंच होतं. नासणारी फळं नेली? तरी नाही. कबुली फिरवली तरी हात वाचे. माल मात्र भरून द्यावा लागे.

हात वाचला म्हणजे माणूस सुटला, असं नव्हे हं. फटके, कैद अशी ‘ताजीर’ काझीच्या किंवा अंमलदाराच्या विचारावर राही, आणि तिथे शंकेचं बळ तोकडं पडे. मला वाटतं, गरिबाला खरी धास्ती याचीच असावी. आज नांदेड-लातूरच्या कोर्टात ‘संशयाचा फायदा’ मिळतो, तो इंग्रजी कायद्याच्या वाटेने आलेला. त्यात आरोपी त्या गुन्ह्यातून साफ सुटतो.