मेलमधली मराठी नेमकी कुठे मोडते?

मराठीत पाठवलेला मेल वाचता आला नाही, की कचेरीत दोन वाक्यं ठरलेली असतात. "सर्व्हरला मराठी चालत नाही" आणि "इंग्रजीत पाठवा ना". पहिलं बहुतेक वेळा चूक असतं, आणि दुसऱ्यामुळे खरा बिघाड कायमचा तसाच राहतो.

सर्व्हरला भाषा कळण्याची गरजच नसते. मुळात ईमेल रोमन अक्षरांपुरता होता हे खरं. पण १९९२ साली माइम हे मानक आलं आणि कुठल्याही लिपीतला मजकूर साध्या रोमन अक्षरांत बांधून पाठवता येऊ लागला. 'हा मजकूर यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत आहे' अशी नोंद पाठवणाऱ्या प्रोग्रामने मेलच्या शीर्षभागात करायची असते. ती राहिली किंवा चुकली, तर वाचणारा प्रोग्राम अंदाज बांधतो आणि तो चुकतो.

'बिघडलेली अक्षरं सगळी सारखीच' हा समज जास्त महागात पडतो. पडद्यावर चौकोन दिसत असतील, तर मजकूर शाबूत आहे, फक्त फॉन्ट नाही. ओळभर प्रश्नचिन्हं असतील, तर वाटेतल्या एखाद्या प्रोग्रामने देवनागरी सामावत नाही अशा अक्षरसंचात मजकूर कोंबला आहे. अक्षरं गेली, कोणतंही सेटिंग ती परत आणणार नाही. मेल पुन्हा मागवा आणि तो प्रोग्राम शोधा, कारण उद्या तिथेच कुणा अर्जदाराचं नाव पुसलं जाईल.

तिसरा प्रकार सर्वांत भीतीदायक दिसतो, पण असतो सुधारण्याजोगा. मराठीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. पहिला बाइट नेहमी तोच असतो, दुसरा दोनांपैकी एक. असा मजकूर विंडोज-१२५२ या रोमन अक्षरसंचातला समजून वाचला, तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' आणि येनचं चिन्ह पुन्हा पुन्हा दिसत राहतं. ही खूण दिसली की घाबरू नका. मेल यूटीएफ-८ म्हणून उघडला, तर मराठी बहुधा जशीच्या तशी परत येते.

मात्र पडद्यावरची ती अक्षरं कॉपी करून दुरुस्त करायला जाऊ नका. 'ठ'चा तिसरा बाइट तिथे मोकळी जागा म्हणून वाचला जातो आणि कॉपी करताना अनेकदा बदलतो. हलन्ताच्या शेवटच्या बाइटला तर विंडोज-१२५२ मध्ये अक्षरच नेमलेलं नाही. म्हणजे 'मराठी'तला ठ आणि सगळी जोडाक्षरं धोक्यात.

मजकूर नीट आणि फक्त विषयाची ओळ बिघडलेली, असंही होतं. विषयाचे नियम वेगळे आहेत. तो जास्तीत जास्त ७५ अक्षरांच्या तुकड्यांत बांधावा लागतो आणि बेस६४ पद्धतीने एका तुकड्यात देवनागरीची जेमतेम १५ चिन्हं मावतात. काना, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'महाराष्ट्र' एवढ्या शब्दालाच १० लागतात. एक चिन्ह दोन तुकड्यांत तोडू नये, असा स्पष्ट नियम आहे. तो न पाळणारे प्रोग्राम नेमक्या सांध्यावर प्रश्नचिन्हाचा काळा हिरा उमटवतात. दुरुस्ती पाठवणाऱ्याकडे व्हायला हवी.

शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधल्या मजकुराला यातलं काहीच लागू नाही. तिथे आत खरोखर रोमन अक्षरंच असतात, वर मराठीची चित्रं. त्यासाठी त्या फॉन्टचा युनिकोड परिवर्तकच हवा.

आणि देवनागरीत मेल पाठवायला सर्व्हरवर एसएमटीपीयूटीएफ८ लागतं, हेही खरं नाही. २०१२ मधली ती सुविधा लागते पत्ताच देवनागरीत असेल तेव्हा.

म्हणून बिघडलेला मेल तांत्रिक विभागाकडे पाठवताना नुसता फोटो देऊ नका आणि फॉरवर्डही करू नका; फॉरवर्ड करताना मजकूर नव्याने बांधला जातो आणि मूळ नोंदी हरवतात. मूळ मेल फाइल म्हणून जतन करा आणि ती फाइल जोडून पाठवा.