पांढरा चहा

मयूर विहारातील आम्हां मराठी मंडळींच्या घरी चहा म्हणजे आधण, आले, साखर आणि दूध. अशा घरात पांढरा चहा आला की पहिले संकट त्याच्यावरच ओढवते: तो उकळला जातो.

चीनच्या फुजियान प्रांतातील फुदिंग व जंगह येथील हा चहा फार थोडा हाताळलेला असतो. वसंतारंभी न उमललेल्या कळ्या खुडतात. त्यांवरील रुपेरी लवेमुळे त्याला हे नाव मिळाले. ‘बाय हाओ यिन चन’ केवळ कळ्यांचा. ‘बाय मूदान’मध्ये कळीसोबत एकदोन कोवळी पाने असतात. हिरव्या चहाप्रमाणे याला भाजणे नाही, काळ्याप्रमाणे मळणे नाही. कळ्या पातळ पसरून दोनतीन दिवस कोमेजू द्यावयाच्या व मंद आचेवर सुकवावयाच्या. ऐकावयास सोपे, पण हवा दमट झाली की कळी काळवंडते, आणि तो दोष झाकणारी पुढची पायरीच नाही.

सम्राट हुइझोंगाने इ. स. ११०७ च्या सुमारास वाखाणलेला पांढरा चहा मात्र वेगळा, वाफवून दाबलेल्या वड्यांचा. यात कॅफीन अत्यल्प असते हा समजही फोल आहे. कोवळ्या कळीत ते पुष्कळ असते. हल्ली दार्जिलिंगचे काही मळेही असा चहा करतात.

उकळलेले पाणी सुमारे ८० अंशांपर्यंत निवू द्यावे. पेलाभर पाण्यास तीन ग्रॅम कळ्या, वर झाकण, चारपाच मिनिटे. दूध मुळीच नको. रंग फिकट दिसला म्हणून चहा उतरला नाही असे समजू नये. त्याच कळ्यांवर आणखी दोनदा पाणी घालता येते.