एक सीझन घरी बसलं तर फुटबॉल टीममधली जागा जाते का? नियम काय सांगतात, वाचा

अंबरनाथ/बदलापूर : दहावीचं वर्ष आलं की आपल्याकडे घरोघरी आधी खेळ बंद होतो, मोबाईल नंतर. कोणाचा गुडघा दुखावतो. कोणाच्या घरी लावणीला माणूस नसतो. कोणी एमआयडीसीत कामाला लागतो आणि शिफ्टमुळे प्रॅक्टिस सुटते. बघता बघता सीझन निघून जातो. पोरगं परत मैदानावर आलं की पहिला प्रश्न हाच, माझी जागा आहे का गेली?

याचं उत्तर देण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करून घ्यायला हव्यात. एक आहे नोंदणी आणि दुसरी टीममधली जागा. नोंदणी कागदावर असते आणि तिला नियमाचं संरक्षण आहे. जागा प्रशिक्षकाच्या हातात असते, तिला कोणताच नियम वाचवत नाही. बरेच पालक या दोन्हीची गल्लत करतात.

नोंदणीचं काय होतं?

देशातल्या खेळाडूंची नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन यंत्रणेत होते. तिला सीआरएस म्हणतात. आपल्या राज्याचा कारभार वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा बघते. या सगळ्यावर जागतिक संघटना फिफाचे नियम आहेत.

फिफाचा नियम असा, की हौशी खेळाडूने खेळणं थांबवलं तरी त्याच्या शेवटच्या अधिकृत सामन्यापासून ३० महिने त्याची नोंदणी शेवटच्या क्लबच्या संघटनेकडे कायम राहते. ३० महिने म्हणजे अडीच वर्षं. त्यामुळे एक सीझन चुकला म्हणून नाव पुसलं जात नाही.

पण इथे एक मेख आहे. प्रत्येक स्पर्धेसाठी क्लब आपल्या खेळाडूंची यादी वेगळी देतो. त्या यादीत तुमचं नाव घालायचं की नाही, हे क्लबच ठरवतो. दुसऱ्या क्लबकडे जायचं असेल तर बदलीही सीआरएसमधूनच करून घ्यावी लागते. आणि गावच्या किंवा टर्फवरच्या स्पर्धा कितीही गाजवल्या, तरी संघटनेच्या मान्यतेशिवाय झालेले सामने अधिकृत धरत नाहीत.

शाळकरी पोरांचं नुकसान सगळ्यात जास्त

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. मोठ्या खेळाडूचं वर्ष गेलं तर तो पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत उतरू शकतो. पोराचं तसं नाही. गटातलं शेवटचं वर्ष हुकलं की तो गट कायमचा गेला, मग पुढच्या वर्षी थेट मोठ्या पोरांशी गाठ.

समजा, आपल्या तालुक्यातला एक पोरगा दहावीत आहे. बोर्डाची परीक्षा म्हणून घरच्यांनी वर्षभर बूट माळ्यावर टाकले. अकरावीला तो १७ वर्षांखालील गटात वयाने बसेलही. पण आता शाळा सुटली, कॉलेज नवं. ज्या सरांनी त्याचा खेळ चार वर्षं बघितला ते शाळेतच राहिले. नव्या सरांपुढे त्याला परत शून्यापासून सुरुवात करावी लागते, आणि मागच्या वर्षीचा एकही सामना दाखवायला नसतो.

दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात हेही विसरू नका. त्यासाठी कोणत्या इयत्तेत, कोणत्या पातळीवर खेळलेलं चालतं, हे पोराला घरी बसवण्याआधीच क्रीडाशिक्षकांना विचारा.

करार असेल तर गोष्ट वेगळी

व्यावसायिक खेळाडूचा क्लबशी लेखी करार असतो. फिफाच्या नियमांत त्याच्यासाठी बरंच संरक्षण आहे.

• खेळाडू जखमी झाला, हे करार मोडायचं योग्य कारण धरलं जात नाही. करार चालू आहे तोवर पगार द्यावा लागतो.

• दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडूने लेखी नोटीस देऊन क्लबला किमान १५ दिवसांची मुदत द्यायची. तरी पैसे आले नाहीत तर तो करार सोडू शकतो.

• जम बसलेल्या खेळाडूला सीझनभर बाकावर बसवून ठेवलं आणि क्लबच्या १० टक्क्यांपेक्षा कमी सामन्यांत खेळवलं, तर त्याला करार संपवण्याची मागणी करता येते. मात्र ती क्लबच्या शेवटच्या अधिकृत सामन्यानंतर १५ दिवसांच्या आत करावी लागते.

• महिला खेळाडूला बाळंतपणासाठी किमान १४ आठवड्यांची भरपगारी नव्हे, पण निदान दोन तृतीयांश पगाराची रजा मिळते. परत आल्यावर तिला संघात सामावून घेण्याची जबाबदारी क्लबची. हा नियम २०२१ पासून आहे.

हे नियम कधी उपयोगी पडतात, ते २०२५ मध्ये दिसलं. इंडियन सुपर लीगचा सीझन जुलैमध्ये स्थगित झाला आणि काही क्लबांनी पगार थांबवले. ज्यांच्याकडे करार होता, त्यांच्या हातात मागणी करायला निदान कागद तरी होता.

वर्ष गेलं, तरी परत आला

भारताचा बचावपटू संदेश झिंगन याचं उदाहरण बघा. ऑक्टोबर २०१९ मध्ये भारतीय संघाच्या सरावाच्या सामन्यात त्याच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली. केरला ब्लास्टर्सकडून २०१९-२० चा अख्खा सीझन तो खेळू शकला नाही. मे २०२० मध्ये त्याने क्लब सोडला. सप्टेंबरमध्ये एटीके मोहन बागानने त्याला घेतलं. २०२०-२१ साठी महासंघाचा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कारही त्यालाच मिळाला.

पण हे वाचून हुरळून जाऊ नका. झिंगनच्या मागे आधीच्या पाच-सहा सीझनचा खेळ होता. एक वर्ष दिसला नाही तरी लोक त्याला ओळखत होते. आपल्या पोराला अजून कोणी ओळखत नाही, फरक तो आहे.

अमेरिकेत वर्ष राखून ठेवतात

तिकडचा फुटबॉल लांबट चेंडूचा, खेळ वेगळा. पण बाहेर बसण्याचे नियम त्यांनी नीट लिहून ठेवलेत. तिथल्या कॉलेजमध्ये पाच वर्षांत चार सीझन खेळायची मुभा देण्याची पद्धत रूढ झाली. २०१८ पासून चार सामन्यांपर्यंत खेळलं तरी तो सीझन खर्ची धरायचा नाही, असा नियम आला. कोव्हिडच्या २०२० च्या वर्षी तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये ज्यांनी खेळायचं नाही ठरवलं, त्यांचे करार एक वर्ष पुढे सरकवले गेले. कागद शाबूत राहिला. संघातली जागा मात्र त्यांनाही परत येऊन मिळवावी लागली.

आपल्या शालेय स्पर्धेत वर्ष असं राखून ठेवता येत नाही. वय काही थांबत नाही.

घरी बसण्याआधी एवढं करा

१. क्लबला किंवा सरांना आधी सांगा, शक्यतो लेखी. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाका आणि जपून ठेवा. न सांगता गायब झालेल्याला कोणी धरून ठेवत नाही.

२. आपला सीआरएस नोंदणी क्रमांक क्लबकडून मागून घ्या. जन्मदाखला आणि खेळाची प्रमाणपत्रं यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

३. दुखापत असेल तर डॉक्टरांचे कागद आणि बिलं फाइलला लावा. करारवाल्याने तर नक्कीच.

४. अभ्यासाचं वर्ष असेल तर खेळ पूर्ण बंद करू नका. आठवड्यातून दोन दिवस प्रॅक्टिस आणि शालेय स्पर्धेचे तेवढे सामने, एवढं जमवता येतं. यादीत नाव राहतं आणि सरांच्या नजरेसमोरही राहता येतं.

५. परत यायचं ठरलं की नोंदणीची मुदत कधी संपते ते आधी विचारा. करार संपलेल्या व्यावसायिकाला मुदतीनंतरही नोंदणीची मुभा मिळू शकते. बाकीच्यांनी त्या भरवशावर राहू नये.