अंगावरच्या चट्ट्याचं नाव आधी कळू द्या

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत 'चट्टा' हा शब्द लोक सहज उच्चारत नाहीत. सोयरिकीची बोलणी चालू असताना तर तो दबक्या आवाजातच निघतो. त्याला कारणही आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन वसवलं. कुष्ठरोग झालेल्या माणसाला त्या काळी घरात जागा नव्हती, म्हणून ही वस्ती उभी करावी लागली. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा खाली आलं, पण आपल्या या दोन जिल्ह्यांत ते राज्याच्या सरासरीहून जास्तच राहिलं. म्हणून इथे अंगावर काहीही उठलं की मनात पहिला विचार तोच येतो.

या भीतीपायी आणखी दोन आजारांचे रुग्ण विनाकारण सोसतात. एक सोरायसिस, ज्याला आपल्या घरांतली उर्दू बोलणारी वडीलधारी मंडळी 'चंबल' म्हणतात. दुसरा म्हणजे अंगावर पित्त उठणं, उर्दूत 'पित्ती उछलना', डॉक्टरांच्या भाषेत अर्टिकेरिया. हे दोन्ही आजार संसर्गजन्य नाहीत. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एका सफमध्ये खांद्याला खांदा लावून नमाज पढल्याने ते कुणालाही होत नाहीत. तरीही कुणी आपला हात ओढणीखाली लपवतं, तर कुणी लग्नसमारंभाला जाणंच बंद करतं.

तिन्हींत फरक कसा ओळखायचा?

निदान डॉक्टरांनीच करायचं, पण घरच्यांना काही खुणा माहीत असाव्यात.

कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा फिकट किंवा लालसर असतो आणि त्या जागी संवेदना कमी झालेली असते. तिथे खाज येत नाही, टोचलेलं किंवा गरम लागलेलं नीट कळत नाही.

सोरायसिसचा चट्टा जाड, लाल असतो आणि त्यावर चंदेरी पापुद्रे धरतात. तो कोपर, गुडघे, कंबर आणि डोक्याच्या केसांत जास्त दिसतो. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात. निरोगी त्वचा साधारण महिनाभरात नवी होते. सोरायसिसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणाच बिघडते आणि हे काम काही दिवसांतच उरकलं जातं, म्हणून पापुद्रे साचतात. काही रुग्णांचे सांधेही धरतात. सकाळी उठल्यावर बोटं, टाचा किंवा कंबर आखडत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. दुर्लक्ष केलं तर सांधे कायमचे वाकडे होतात.

पित्ताच्या गांधी अचानक उठतात आणि खूप खाजतात. एकेक गांध बहुधा चोवीस तासांच्या आत मावळते आणि मागे डाग राहत नाही. मग दुसरीकडे नवी उठते. हा प्रकार सहा आठवड्यांहून जास्त चालला, तर त्याला जुनाट अर्टिकेरिया म्हणतात. अशा वेळी घरात अंडी, मासे, वांगी सगळं बंद केलं जातं. प्रत्यक्षात जुनाट पित्ताचं कारण बहुतेकदा खाण्यात नसतं. शरीरातल्या काही पेशी हिस्टामिन नावाचं द्रव्य सोडतात, त्यातून या गांधी उठतात. मात्र ओठ, जीभ किंवा घसा सुजला, श्वास घ्यायला त्रास झाला किंवा चक्कर आली, तर आमसुलाचं पाणी लावत बसू नये. ताबडतोब दवाखाना गाठावा.

परिषदांमध्ये काय चाललं आहे?

त्वचारोग तज्ज्ञांची पहिली जागतिक परिषद १८८९ साली पॅरिसमध्ये भरली होती. पंचविसावी जुलै २०२३ मध्ये सिंगापूरला झाली. गेल्या काही वर्षांत अशा परिषदांमध्ये सोरायसिस आणि अर्टिकेरिया या दोन्ही विषयांना मोठी जागा मिळते आहे, कारण इथे संशोधन वेगाने पुढे गेलं आहे. सोरायसिसमध्ये दाह पेटवणारे इंटरल्यूकिन-१७ आणि इंटरल्यूकिन-२३ हे शरीरातले दोन निरोप्ये ओळखले गेले आणि त्यांनाच अडवणारी इंजेक्शनं आली. बेंगळुरूच्या बायोकॉन कंपनीचं इटोलिझुमॅब हे सोरायसिसवरचं औषध २०१३ मध्ये भारतात आलं. गोळ्यांना दाद न देणाऱ्या जुनाट पित्तासाठी ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शन गेल्या दशकापासून वापरात आहे. २०२५ मध्ये अमेरिकेत रेमिब्रुटिनिब या गोळीलाही मान्यता मिळाली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने २०१४ मध्ये सोरायसिसवर स्वतंत्र ठराव केला. २०१६ च्या अहवालात तिने जगभरात किमान दहा कोटी लोकांना हा आजार असल्याचं नोंदवलं. रुग्णांना मिळणारी हेटाळणी हाही या आजाराचाच भाग असल्याचं तिथे मान्य झालं.

ही इंजेक्शनं महाग आहेत आणि प्रत्येकाला त्यांची गरजही नसते. सोरायसिसवरच्या इंजेक्शनांआधी क्षयरोगाची तपासणी करावी लागते, कारण दबलेला क्षय त्यांतल्या काहींमुळे वर येऊ शकतो. बहुतेक रुग्णांचं काम साध्या उपायांनी भागतं. सोरायसिसला मलमं, डांबरयुक्त तेल, अतिनील किरणांचा उपचार किंवा मेथोट्रेक्झेटच्या गोळ्या दिल्या जातात. पित्ताला झोप न आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्या रोज नियमित घ्याव्या लागतात. एका गोळीने भागलं नाही, तर डॉक्टर मात्रा वाढवतात. आपण मनाने वाढवू नये.

आपल्याकडच्या चुका

सिरोंचा, भामरागड किंवा एटापल्लीहून त्वचारोग तज्ज्ञाकडे जायचं, तर दिवस मोडतो आणि मजुरी बुडते. म्हणून लोक औषधाच्या दुकानातून 'गजकर्णाचं मलम' आणतात. अशा अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवस बरं वाटतं, मग त्वचा पातळ होते आणि आजार दुप्पट उसळतो. सोरायसिसमध्ये स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं अचानक बंद केली, तर अंगभर पू भरलेल्या पुळ्या येऊ शकतात आणि जिवावर बेतू शकतं.

मेथोट्रेक्झेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजची समजून ती घेतल्याने जीव गेल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. वार ठरवून घ्यावा आणि घरातल्या दुसऱ्या कुणी तो लक्षात ठेवावा. गरोदर बाईने ही गोळी घेऊ नये. मूल हवं असेल, तर नवराबायको दोघांनीही आधी डॉक्टरांशी बोलावं.

जंगलपट्टीसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. गडचिरोलीत मलेरिया बराच आहे आणि त्यावर क्लोरोक्विन दिलं जातं. या औषधाने काहींचा सोरायसिस वाढतो. म्हणून मलेरियाचं औषध टाळायचं नाही, पण 'मला सोरायसिस आहे' हे आधी सांगायचं. हकीमसाहेबांचा इलाज चालू असेल, तर तोही डॉक्टरांपासून लपवू नये, कारण दोन औषधांचा भार एकाच यकृतावर पडतो. वेदनाशामक गोळ्यांनी पित्त उसळतं का, याकडेही लक्ष ठेवावं.

दीन आणि घर

चट्टा म्हणजे गुनाहाची सजा, असं बोलणारे आजही भेटतात. हजरत अय्यूब (अ.स.) यांचा आजार ही आजमाइश होती, हे आपण मुलांना शिकवतो. हजरत ईसा (अ.स.) अल्लाहच्या हुकुमाने कोडाच्या रुग्णांना बरं करत, याचा उल्लेख कुरआनात आहे. आजार आहे तिथे इलाज शोधा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. हकीम राझी यांनी हजार वर्षांपूर्वी देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत, हे लक्षणं तपासून लिहून ठेवलं. अंगावरच्या पुरळाला नीट ओळखण्याची ही परंपरा आपलीच आहे. मग शेजारणीच्या सल्ल्याने मलम का लावायचं?

वजूने सोरायसिसची त्वचा कोरडी पडते. वजूनंतर हात-पाय टिपून खोबरेल तेल किंवा साधं व्हॅसलीन लावावं. त्वचेवर मलम लावल्याने रोजा तुटत नाही, असं उलेमा सांगतात. दिवसातून एकदाची गोळी इफ्तारनंतर घेता येते.

रिश्ता ठरवताना आजार लपवू नये आणि समोरच्यांनी तो ऐकून उठूनही जाऊ नये. सोरायसिसमध्ये काही अंशी आनुवंशिकता असते, पण आईवडिलांना आहे म्हणून प्रत्येक मुलाला होतोच असं नाही. या एका कारणावरून चांगल्या मुलीचा रिश्ता मोडणं हा जुलूम आहे.

आम्ही शाळेत शिकवतो. कोपरावर पापुद्रे असलेल्या मुलाशेजारी बसायला इतर मुलं कचरतात. तिथे शिक्षकाने पहिल्यांदा स्वतः त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवावा. एखाद्या मुलाच्या अंगावर बधिर चट्टा दिसला, तर गाजावाजा न करता पालकांना सांगावं आणि आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावं. कुष्ठरोगाचा बहुविध औषधोपचार सरकारी केंद्रात मोफत मिळतो. प्रकारानुसार तो सहा किंवा बारा महिने घ्यावा लागतो. औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णाकडून संसर्गाचा धोका जवळजवळ राहत नाही. लवकर सुरू केलं, तर बहुधा बोटं वाकत नाहीत आणि व्यंग येत नाही. सोरायसिस किंवा जुनाट पित्त असेल, तर चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात त्वचारोग तज्ज्ञांना दाखवावं.

जाताना जुन्या चिठ्ठ्या आणि लावलेल्या मलमांच्या ट्यूब सोबत न्याव्यात. पित्ताच्या गांधी दवाखान्यात पोचेपर्यंत मावळतात, म्हणून उठल्या की मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. आणि डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारावा, 'साहेब, या आजाराचं नाव काय?' ते नाव कागदावर लिहून घ्यावं. इलाज तिथूनच सुरू होतो, आणि इन्शाअल्लाह घरातली निम्मी भीतीही तिथेच संपते.