निवड याकोबाची, क्षमा एसावाची

दरवर्षी एका शनिवारी जगभरातल्या सिनेगॉगांत तोरा या ज्यू धर्मग्रंथाचा 'वायिश्लाख' हा भाग वाचला जातो. आपल्याकडे बेने इस्राएल मंडळीही तो वाचतात. एसाव आणि याकोब या जुळ्या भावांची वीस वर्षांनंतरची भेट त्यात येते. एसावाने मसुराच्या आमटीवर विकलेला ज्येष्ठत्वाचा हक्क, याकोबाने एसावाचं सोंग घेऊन आंधळ्या बापाला, इसहाकाला, फसवून लाटलेला आशीर्वाद हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते: देवाने धाकट्या याकोबाला का निवडलं? प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात उत्तर दिलं की मुलं जन्मलीही नव्हती, बरंवाईट काही केलं नव्हतं, तेव्हाच निवड झाली. ती कर्तबगारीवर नव्हे, कृपेवर. ऑगस्टीन आणि कॅल्विन यांनी हाच धागा पुढे नेला.

या सगळ्यात एसाव मागे राहतो, आणि ते मला अन्यायाचं वाटतं.

एसाव ४०० माणसं घेऊन येतोय हे कळल्यावर याकोबाचं धाबं दणाणलं. शेळ्या, मेंढ्या, उंट, गाईबैल, गाढवं अशी साडेपाचशे जनावरं त्याने कळपाकळपाने पुढे धाडली. रात्री यब्बोक नदीच्या उताराजवळ कुणा अनोळखी पुरुषाशी झुंजून सकाळी तो लंगडत निघाला. भाऊ तुझ्यापुढे वाकतील, असं त्या लाटलेल्या आशीर्वादात होतं. प्रत्यक्षात याकोबच सात वेळा जमिनीपर्यंत वाकला. एसाव धावत आला, त्याच्या गळ्यात पडला, दोघेही रडले. जनावरं तुझी तुलाच राहू दे, माझ्याकडे पुष्कळ आहे, असं एसाव म्हणाला. तुझं तोंड पाहणं देवाचं तोंड पाहण्यासारखं आहे, असं याकोब उत्तरला. देवाने निवडलेल्या माणसाला कृपा भेटली ती मागे ठेवलेल्या भावाकडून.

या भेटीत एसावाने याकोबाचं चुंबन घेतलं; त्यासाठीच्या हिब्रू शब्दाच्या सहाही अक्षरांवर तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत ठिपके असतात. ते चुंबन मनापासूनचं होतं का, यावर रब्बींचा जुना वाद आहे. दुसऱ्या शतकातले रब्बी शिमोन बार योहाय एसावाला याकोबाचा वैरीच मानत. त्यांनीही मान्य केलं की त्या क्षणी एसावाला खरा कळवळा आला होता.

ब्रिटनचे माजी प्रमुख रब्बी जोनाथन सॅक्स यांनी २०१५ च्या 'नॉट इन गॉड्स नेम' या पुस्तकात मांडलं की एकाची निवड म्हणजे दुसऱ्याला झिडकारणं नव्हे. वैभवाचा आणि सत्तेचा आशीर्वाद इसहाकाने एसावासाठीच राखला होता. आजोबा अब्राहामाचा वारसा त्याने याकोबाला नंतर, पुरतं ओळखून दिला. म्हणजे सोंगाची गरजच नव्हती. मला हे पूर्ण पटतं.

देवाने एसावाचा द्वेष केला, असं संदेष्टा मालाखीच्या पुस्तकात आहे आणि पौलाने तेच उचललं. पण एसावाचे वंशज म्हणजे अदोमी. त्यांचा तिटकारा करू नका, ते तुमचे भाऊ आहेत, तिसऱ्या पिढीपासून त्यांना मंडळीत घ्या, असा नियम तोराच्याच 'अनुवाद' या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात आहे. प्रवचनांत मालाखी येतो तितक्याच वेळा हा नियमही यायला हवा.